मागं कोण हाय?

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जिन्यात, भिंतीला पाठ घासत आडवे आडवे वर चढताना. खोटं नाही सांगत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस वरच्या मजल्यावर, खाली गाड्यांचं आवार आणि मधे हा अरुंद जिना. पांढरी टोपी, धोतर, सत्तरीकडे झुकलेला उंच माणूस खेकड्यासारखा एकेक पायरी चढतोय. मी मुलाखतीला आले होते. मागून येताना माझ्या चपला वाजल्या तसे ते दचकून थांबले.

"तू हो पुढं," म्हणाले. "माझ्या मागं कुणी नगो."

मला वाटलं, संपलं! चांगली जागा मिळाली म्हणत होते, ही तर वेड्यांची वखार निघाली. पण नोकरीची नड होती. अंग चोरून पुढे झाले. वर जाऊन कळलं की हेच कंपनीचे सेफ्टी ऑफिसर, आणि मालकांचे सख्खे मामा. निपाणीकडचं जैन घराणं, एकेकाळी तंबाखूचा व्यापार. मोठ्या कारखान्यांचा माल उचलायचा तर असा एक अधिकारी दाखवावा लागतो म्हणून भाच्याने मामाला खुर्ची दिली, असं आवारात सगळे म्हणायचे. मामा मात्र त्या खुर्चीत असे बसले की जगातल्या सगळ्या गाड्यांची काळजी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

त्यांची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि टेबलावर ट्रकचा आरसा, लोखंडी दांड्यासकट बोल्टने घट्ट बसवलेला. एकदा मी न राहवून विचारलं, "आप्पा, मागं तर भिंत हाय. आरसा कशाला?"

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच चळले आहे. "भिंतीच्या मागं कोण हाय?"

आता याला काय बोलणार! बँकेत गेले की रांगेतल्या प्रत्येकाला पुढे सोडायचे, कारण पाठीमागे माणूस नको. शेवटी खिडकी बंद व्हायची आणि काम न होताच परत यायचे. बसमध्ये शेवटच्या बाकावर, तेही गुडघे टेकून, शाळकरी पोरागत मागच्या काचेतून रस्ता बघत. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेले तरी खांबाला पाठ. लोक हसायचे. मीही हसायचे. पण तुम्हाला सांगते, महिनाभर त्यांच्यासमोर बसून काम केलं आणि एके दिवशी बाजारात चालताना माझी मीच गर्रकन वळले. मागे कोणी नव्हतं. काळजात मात्र धस्स झालं ते झालंच. भीती ही खरुजेसारखी लागते बघा, शेजारी बसलं तरी पुरे.

दगडांचं वेड वेगळंच. गाडी रस्त्यात बंद पडली की आमच्याकडचे ड्रायव्हर मागे चार दगड मांडतात आणि झाडाची एक हिरवी फांदी टाकतात. येणाऱ्याने समजायचं. काम झालं की गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, पुढच्या मोटरसायकलवाल्याचे दात पाडायला. आप्पा जीपमधून जाताना असे दगड दिसले की "हाण ब्रेक" म्हणून ओरडायचे, पण उतरायच्या आधी मागे बघत इतका वेळ घालवायचे की तोवर कोणीतरी दुसराच येऊन दगड बाजूला करायचा.

आणि त्यांचा तो प्रश्न. नवा ड्रायव्हर कामाला आला की लायसन बघायच्या आधी आप्पा विचारणार, "मागं कोण हाय?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणी गेलं की विचारतात. गेलेल्याच्या माघारी घरात कोण उरलं, असा त्याचा अर्थ. त्यामुळे समोरचा माणूस आधी चरकायचा. मग सांगायचा, "बायको हाय, दोन पोरी हायत, म्हातारी हाय."

"घरचं कोण इचारलंय रं मर्दा! आता या घडीला तुझ्या पाठीमागं कोण हुबं हाय?"

जो वळून बघेल तो पास. जो न बघता "कोण न्हाय" म्हणेल तो नापास, मग त्याने काश्मीरपर्यंत गाडी मारलेली असू दे. मालक कपाळाला हात लावायचे.

माझा भाऊ मुलाखतीला आला तेव्हा मी फाइल घेऊन दारात उभी होते. आमचं घर वडगावचं, विणकराचं. वडील गेले, मग आई गेली, मग माग गेले. हा तेव्हा सातवीत. मीच त्याला न्हाऊ घातलं, मीच बदडलं, मीच शिकवलं. आणि एवढं करून हा पठ्ठ्या शिकला काय, तर ड्रायव्हिंग. मी महिनाभर बोलत नव्हते त्याच्याशी. पण जीव आहे माझा तो. लपवून काय करायचं!

आप्पांनी विचारलं, "मागं कोण हाय?"

"आक्का हाय," तो म्हणाला. मान तसूभर हलवली नाही.

मी खरंच त्याच्या मागे उभी होते. आप्पांनी आरशातून मला बघितलं. "न बघता कसं सांगितलास रं?"

"असतीयाच की ती."

आवारातले दोघेतिघे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी आरसा पुसला आणि म्हणाले, "घ्या ह्याला." त्या दिवसापासून ते, मालक, हमाल, सगळे मला आक्काच म्हणायला लागले.

आता त्या सुटीच्या अर्जाकडे येते. सुटी म्हणजे रजा नव्हे, नियमातून सूट.

नियम असा की मोठी गाडी रस्त्यात थांबली तर ड्रायव्हरने उतरून, मागे बरंच अंतर चालत जाऊन लाल चकाकणारा त्रिकोण ठेवायचा. मालकांनी लांबलचक नवे ट्रेलर घेतले. त्यांच्या पाठीवर दिव्यांचा बोर्ड बसवला. आत बटण दाबलं की बाहेर लाल अक्षरं पेटणार. मालक म्हणाले, मग त्रिकोण कशाला? उतरायचं कशाला? आणि उतरायचंच नसेल तर शेजारी क्लीनर तरी कशाला? या शेवटच्या प्रश्नावर त्यांचा डोळा आहे हे आवारातल्या कुत्र्यालासुद्धा कळत होतं. तर बेंगळूरूला अर्ज करायचा की आमच्या कंपनीच्या गाड्यांना या नियमातून सूट द्या. सोबत सेफ्टी ऑफिसरची सही पाहिजे की व्यवस्था सुरक्षित आहे.

कन्नडमध्ये या सुटीला विनायिती म्हणतात. आप्पांना कन्नड मराठीइतकंच येतं, तरी मुद्दाम म्हणायचे, "विनंती हाय न्हवं? मग हात जोडूनच मागूया की."

सगळ्यांना वाटलं म्हातारा आडवा येणार. दगड हलवायला घाबरणारा माणूस, हा कसला सही करतोय! पण अर्ज टाइप करून नेला तर आप्पांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कुठं करू सही?"

संध्याकाळ व्हायला आली होती. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर पडलं होतं. आप्पा रात्रीचं जेवत नसत. त्यात नवल नाही, जैन माणूस दिवस मावळायच्या आत जेवून मोकळा होतो. पण आप्पा सकाळी एकदा जेवले की झालं, संध्याकाळचं ताट त्यांनी कित्येक वर्षं बघितलं नव्हतं. का, ते त्या दिवशी सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

"माझी स्वतःची लॉरी हुती, आक्का. तंबाखू भरून चाललो हुतो. निपाणीच्या अलीकडं घाटात टायर फुटला. दिवस बुडाय आलता. ड्रायव्हर म्हणाला, आप्पा, तुमी जेवून घ्या, मी मागं फांदी टाकून येतो. मी केबिनमधी बसलो. तोंड पुढं करून भाकरी खाल्ली, घाईघाईनं. दिवस बुडायच्या आत व्हायला पायजे न्हवं? कायतरी आवाज आला. म्हटलं, गेली असंल एकादी गाडी. हात धुतला. हाक मारली."

त्यांनी आरशात बघितलं.

"मागं कोण न्हवतं, आक्का."

फांदी ठेवायला गेलेला माणूस फांदीजवळच गेला होता. आप्पांनी सही केली आणि पेन मला परत देताना म्हणाले, "उतरायलाच नगो कुणी. बटण दाबा, आत बसा. तुझा भाऊबी आत बसंल."

खरं सांगते, त्या कागदाला मी नमस्कार केला. मालकांचा फायदा होवो नाहीतर खड्ड्यात जावो, माझा भाऊ घाटात, धुक्यात, पाठ करून रस्त्यावर चालत जाणार नव्हता. मी देवीला नारळ बोलले.

मग बोर्डावर काय लिहायचं यावर दोन दिवस खल. कन्नडमध्ये 'निल्ली', इंग्रजीत 'स्टॉप', हे दोन शब्द ठरले. आमचा माल कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जायचा, त्या वाटेला सगळी मराठी माणसं, म्हणून तिसरा शब्द मराठीत. बोर्डवाल्याने 'थांब' असं करून आणलं. आप्पा खवळले.

"थांब? अरं, कुणाला अरेतुरे करतोस? मागनं येणारा कुणाचातरी बाप असंल. थांबा म्हण, थांबा!"

बोर्डवाल्याने मुकाट्याने काना चढवला. मालक म्हणाले, मामांनी आयुष्यात एवढं एक तरी काम केलं. आम्ही सगळे हसलो.

अर्जानंतर काही महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, बेंगळूरूहून साहेब आले. प्रत्यक्ष दाखवा म्हणाले. मालकांना जोर चढला होता, ते म्हणाले, दाखवायचं तर सगळ्यात वाईट ठिकाणी दाखवू. कणकुंबीच्या पुढे एका वळणावर, सकाळी, माझ्या भावाचा लोखंडी कास्टिंग भरलेला ट्रेलर उभा केला. क्लीनर नाही. त्रिकोण नाही. फांदी नाही. भावाला ताकीद, की काही झालं तरी खाली उतरायचं नाही, नाहीतर दाखवलं काय!

आम्ही रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीत उभे. साहेब, मालक, मी, आणि टपरीच्या कुडाला पाठ लावून आप्पा. कणकुंबीचं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू! ते येतं ते पायांनी चालत येतं. आधी झाडं गेली, मग रस्ता गेला, मग ट्रेलरसुद्धा गेला आणि राहिली फक्त ती लाल अक्षरं. निल्ली. स्टॉप. थांबा. एकामागून एक, हवेत.

"छान दिसतंय," साहेब कन्नडमध्ये म्हणाले. मालकांनी अजून एक चहा सांगितला.

पाऊस आडवा मारायला लागला. मी भावाचा विचार करत होते. आत कोरडा बसला असेल, मी दिलेला डबा उघडला असेल. बरं वाटत होतं. किती दिवसांनी मला बरं वाटत होतं!

तेवढ्यात वारा फिरला आणि धुकं जरा विरळ झालं. त्या लाल अक्षरांच्या खाली डोकी दिसली.

आधी कळेचना. मग दिसलं, बायका होत्या. प्लास्टिकच्या खोळी पांघरलेल्या, डोक्यावर पाट्या, बेळगावच्या बाजाराला निघालेल्या. दोन शाळेची पोरं. ट्रेलरच्या आडोशाला, बोर्डाच्या उजेडात, अंगाला अंग लावून, रस्त्याकडे पाठ करून उभ्या. जिथे माणूस असू नये म्हणून हा सगळा खटाटोप, नेमक्या तिथेच.

आणि मागून, धुक्याच्या आतून, इंजिनचा आवाज येत होता.

मालक अजून साहेबांना काहीतरी समजावत होते. आप्पांनी माझ्या हातातली लाल छत्री हिसकली आणि पळाले. तो माणूस, जो जिना आडवा चढायचा! धोतर चिखलात, टोपी पडलेली. बायकांकडे ते गेलेच नाहीत. त्यांना ओलांडून सरळ मागे, आवाजाच्या दिशेने पळाले. धुक्याने त्यांना गिळलं.

मग मी भानावर आले. मी बायकांकडे धावले. "बाजूला व्हा! अगं बायांनो, बाजूला व्हा!" त्या माझ्याकडे बघत बसल्या. एक म्हातारी जागची हलेना. चिडलीच माझ्यावर.

"काय झालं गं बोंबलायला? थांबा म्हणून लिवलंय न्हवं? थांबलो. गाडी कवा येतीया बेळगावची?"

मी तिला हाताला धरून ओढली. पाटी सांडली, भाजी रस्त्यावर. पोरांना ढकललं चरात. एवढ्यात ब्रेकचा आवाज झाला. तो आवाज मी लिहू शकत नाही. ओल्या रस्त्यावर एखादं जनावर फरपटत यावं तसा, लांबून जवळ, जवळ, अजून जवळ. मग काहीच नाही. नुसता पाऊस.

भाऊ आत होता. काचा वर. त्याला यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

मी मागे चालत गेले. छत्री आधी दिसली, चेपलेली. मग लॉरीचं तोंड दिसलं. आणि त्या तोंडापुढे, हात लांबवला तर बंपरला लागेल इतक्या जवळ, आप्पा उभे होते. जिवंत. पण लॉरीकडे पाठ करून. तिला हात दाखवता दाखवता, बायका हलल्या की नाही ते बघायला वळले होते आणि तसेच राहिले होते. त्यांची पाठ अशी उघडी मी कधी पाहिली नव्हती.

"पुढं कोण हाय?" म्हणाले. "आक्का, पुढं सगळी हायत न्हवं?"

"हायत आप्पा. सगळी हायत," मी म्हणाले आणि रस्त्यातच रडायला लागले.

परत येताना जीपमध्ये मालक म्हणाले, एवढं काय झालं, शब्द बदलू. थांबाऐवजी धोका लिहू. साहेबांची तयारी होती. ते म्हणाले, शब्द बदला, अधिकाऱ्याची नवी सही जोडा, पाठवून द्या. आप्पा मागच्या सीटवर मान खाली घालून बसले होते. मागच्या काचेतून बघत नव्हते.

नवा कागद मी टाइप करून नेला. आप्पांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"शब्द माझाच हुता," ते म्हणाले. "उद्या दुसरा लिवू. त्यातनंबी कायतरी निघंल. दिव्याला कोण इचारणार, कुणाला सांगतोस म्हणून? उतरून बघाय माणूसच पायजे."

मग मी बोलले. एवढी कधी बोलले नव्हते कुणाला. "माणूसच पायजे? कुठला माणूस? माझा भाऊच न्हवं? तुमचा ड्रायव्हर तसा मेला, तरी माझ्या भावाला उतरवणार तुम्ही? त्याला काय झालं तर कुणाला विचारायचं, मागं कोण हाय म्हणून? मला?"

आप्पांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर वळवली नाही. "व्हय," म्हणाले. "त्याला उतरावं लागंल. मला लई भ्या वाटतंय, आक्का. पर त्या म्हातारीचा हात तू धरलीस न्हवं? तुझ्या जागी तिथं बटण असतं तर?"

कागद तिथेच टाकून मी निघून गेले आणि पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सूट बारगळली. मामा-भाच्याचं वाजलं. आप्पा एक दिवस निपाणीला गेले ते गेलेच. जाताना आरसा ठेवून गेले. तो काढायला गेलो तर बोल्ट इतके गंजलेले की निघेनात. अजून तिथेच आहे म्हणतात. मी ती नोकरी सोडली आणि टिळकवाडीत एका वकिलांकडे लागले. आप्पा वारल्याचं कळलं तेव्हा भाऊ निपाणीला जाऊन आला. तिथे कोणीतरी विचारत होतं म्हणे, मागं कोण हाय. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. भाऊ म्हणाला, मी तिथं उगंच वळून मागं बघितलो गं आक्का.

भाऊ अजून गाडीवरच आहे. क्लीनर म्हणून हल्ली कोणी टिकत नाही, बहुतेक वेळा एकटाच असतो. घाटात कुठे बंद पडला की उतरायच्या आधी मला फोन करतो. ही आमची रीत पडली आहे. वकीलसाहेब समोर असोत की गॅसवर दूध असो, मी उचलते. आवाजात काही येऊ देत नाही. विचारते, "मागं कोण हाय रं?"

"तू हाईस की गं," तो म्हणतो.

मग फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकतो, त्रिकोण उचलतो आणि मागे चालायला लागतो. मला वारा ऐकू येतो. त्याचे बूट ऐकू येतात. लांबून येणारी एखादी गाडी ऐकू येते. आणि तो परत केबिनचं दार ओढून घेईपर्यंत, मी जिथे असेन तिथे, भिंतीला पाठ लावून उभी राहते.